मान न वळवणारा साक्षीदार

समन्स आलं त्या सकाळी रेडिओकाकांच्या हातून एका गिऱ्हाइकाचा गाल कापला गेला. फार नाही, तांदळाच्या कणीएवढं रक्त आलं, तुरटी फिरवली आणि थांबलं. गिऱ्हाईक बिचारं म्हणालं, असू द्या हो, होतं कधीकधी. पण बत्तीस वर्षांत ते एकदाही झालेलं नव्हतं, त्यामुळे काकांना काही ते असू देता येईना. त्यांनी वस्तरा पुसला, मिटला, खणात ठेवून दिला आणि दारावर पाटी लावली: दाढी बंद, फक्त केस.

रेडिओकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. सकाळी शटर वर गेलं की सुरू, संध्याकाळी खाली आलं की बंद. मधल्या वेळात कुणाच्या गच्चीतून पाणी गळतं, कुणाच्या मुलाला कुठं नोकरी लागली, सरकार पडणार की टिकणार, सगळं बोलायचं काम काकांचं आणि मान स्थिर ठेवायचं काम गिऱ्हाइकाचं. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती त्यांच्या बायकोच्या आली होती. हा माणूस जे काही बोलतो ते आरशाशी बोलतो. खुर्चीच्या मागं उभं राहायचं, समोर आरशात बघायचं आणि तिथल्या चेहऱ्याला सांगायचं. समोरासमोर तोंडाला तोंड देऊन बसवा, की चार वाक्यांत गाडी बंद. दुकानात रेडिओ आणि घरी येते ती नुसती त्याची पेटी, असं बायको पंचवीस वर्षं म्हणत आली होती, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

दुसरी खोड म्हणजे डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी कधी यायचे नाहीत. भांग कुठं पाडू, असं विचारायचे नाहीत, 'इकडं की तिकडं?' म्हणत कंगवा हलवून दाखवायचे. गिऱ्हाइकाचं डावं, आपलं डावं की आरशातल्याचं डावं, या भानगडीत पडलं तर संध्याकाळपर्यंत एक डोकं होणार नाही, असं त्यांचं मत. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. पुढं जो घोळ झाला तो या शहाणपणातूनच झाला.

प्रकरण आठ महिन्यांपूर्वीचं. गल्लीत काकांच्या दुकानासमोर, बरोब्बर समोर, घड्याळवाल्याचं दुकान. दोघांची दोस्ती अशी, की रोज सकाळी घड्याळवाला आधी काकांच्या खुर्चीत बसून दाढी करणार आणि मगच स्वतःचं शटर उघडणार. त्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी निघाला होता. खाली वाकून शटरला कुलूप लावत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी आलं, हात उचलला आणि त्याच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. घड्याळवाला तिथंच कोसळला. सात टाके पडले, तीन आठवडे दवाखान्यात काढले, आणि अजूनही जिने उतरताना त्याला कठड्याला धरावं लागायचं. मारणाऱ्याचा चेहरा त्यानं पाहिलाच नव्हता.

पाहिलं होतं फक्त काकांनी, आणि तेही पाठमोरं. टोपी, ढगळ जॅकेट, वर गेलेला हात. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ओला टॉवेल होता आणि काकांचा वस्तरा त्याच्या गळ्यावर. आता वस्तरा कातडीला लागलेला असताना मान वळवायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. मागं बॉम्ब फुटला तरी नाही. काकांनी शांतपणे वस्तरा उचलला, बाजूला ठेवला आणि मग मागं वळले. तोवर मारणारा गल्लीच्या तोंडाशी पोचून दिसेनासाही झाला होता.

चौकीत जबाब घेणाऱ्या पोलिसानं विचारलं, कोणत्या हातानं मारलं? काकांनी डोळे मिटले, ते दृश्य आठवलं आणि म्हणाले, डाव्या. पोलिसाचा पेन थबकला. कारण गल्लीच्या टोकाला गॅरेज होतं आणि तिथल्या डावखुऱ्या मेकॅनिकला सगळे डावऱ्याच म्हणायचे. त्याच सकाळी दुकानासमोर गाड्या लावण्यावरून डावऱ्याचं आणि घड्याळवाल्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. गटारात सापडलेला पानाही त्याच्याच गॅरेजातला. तसे त्याच्या गॅरेजातले पाने निम्म्या गल्लीच्या घरी पडलेले असायचे, पण ते कोण लक्षात घेतो? डावऱ्याला धरलं. पुढं जामिनावर सुटला, पण गॅरेजवर एक गाडी येईना. त्याची म्हातारी आई दारात स्टूल टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायची. लोक दुसऱ्या बाजूनं जायला लागले. काकाही.

आणि आता हे समन्स. पुढच्या आठवड्यात कोर्टात साक्ष द्यायची.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. कोर्ट म्हणजे तिथं आरसा नसणार. काळा कोट घातलेला माणूस समोर उभा राहून डोळ्याला डोळा भिडवून विचारणार. पहिल्या रात्री त्यांना झोप नाही, दुसऱ्या दिवशी जेवण जाईना. हात तर असे थरथरायला लागले, की कात्रीचा आवाज खुर्चीतल्या माणसाला कानाशी वेगळाच ऐकू यायचा आणि तो अंग चोरून बसायचा. दुकानात रेडिओ बंद. गल्लीला वाटलं घरी काहीतरी वाईट झालंय.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाला, दीर्घ श्वास घ्या. एक म्हणाला, बोटं मुठीत धरा. मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, कानमंत्र दिला, की न्यायाधीशाच्या तोंडाला फेस लावलाय असं मनात आणायचं, भीती जाते. हा मेहुणा स्वतः आयुष्यात कोर्टाची पायरी चढला नव्हता, पण सल्ला देण्यासाठी अनुभव लागतो असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी थोरली मुलगी आली. ती शाळेत शिकवते, आवाज खणखणीत. तिनं ठरवलं, बाबांची तालीम घ्यायची, तीही दुकानातच, म्हणजे जागा ओळखीची राहील.

गल्लीच्या सुट्टीचा दिवस होता. समोर घड्याळवाल्याचं शटर बंद, सगळी गल्ली शांत. थोरली खुर्चीत बसली, ती वकीलही आणि गिऱ्हाईकही. काका तिच्या मागं नेहमीच्या जागी, हातात वस्तऱ्याऐवजी कंगवा, तो तिच्या मानेशी टेकवलेला. मेहुण्याला मारणाऱ्याचं काम दिलं. तो मोठ्या उत्साहानं टोपी घालून, वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन समोरच्या बंद शटरपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. दोन खिडक्यांतून बायका बघायला लागल्या, तसा त्याला आणखीच चेव चढला.

थोरलीनं विचारलं, साक्षीदार, तुम्ही काय पाहिलंत? आणि काय आश्चर्य, आरशात बघून काकांना बोलता आलं. एक माणूस आला, पाठ माझ्याकडे, असं सांगता सांगता त्यांनी मेहुण्याला हाक दिली. मेहुण्यानं गुंडाळी उचलली आणि शटरवर धाडकन आपटली.

"अगदी अस्संच!" काका म्हणाले. "हाच हात. डावा."

थोरली आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, मामा तर सगळं उजव्या हातानं करतो.

मेहुण्याला हाक मारून विचारलं, कोणता हात उचललास? त्यानं उजवा वर करून दाखवला. काका म्हणाले, मध्येच बदललास. तो म्हणाला, भावोजी, आईशप्पथ नाही. पुन्हा करायला लावलं. पुन्हा आरशात डावा. काका चिडले, मेहुणा त्याहून चिडला, दोघांची जुंपली, खिडकीतल्या बायका आता तीन झाल्या. तिसऱ्यांदा गुंडाळी वर गेली तेव्हा काकांनी कंगवा बाजूला ठेवला आणि मान वळवली.

उजवा हात. डोळ्यांसमोर, उन्हात, स्वच्छ उजवा हात.

त्यांनी आरशात पाहिलं, डावा. वळून पाहिलं, उजवा. असं चार वेळा केलं. मग खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली, फरशीवर बसले. थोरली उठली आणि त्यांच्या शेजारी तशीच साडीची पर्वा न करता बसली. समोर मेहुणा मात्र अजून हात वर करून उभा होता, कारण थांब म्हणून सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

तुम्ही म्हणाल, बत्तीस वर्षं आरशासमोर काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये? अहो, म्हणूनच तर कळलं नाही. आपण गल्ली बघतो, काका गल्ली आरशात बघतात. त्यांच्या डोक्यातली गल्ली तशीच आहे, उलटी. तिच्यात राहून त्यांचं कधी काही अडलं नव्हतं. आणि चौकीत कुणी विचारलंच नव्हतं, की तुम्ही हे कुठून पाहिलंत.

संध्याकाळी घरी खल झाला. मेहुण्याचं मत सरळ होतं: गप्प बसायचं. जबाब लिहून झालाय, सही झालीय, आता फिरवला तर पोलीस पिसं काढतील, कोर्टात हसं होईल, आणि उद्या कोण या दुकानात येईल? ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याच्या हाती वस्तरा कोण देईल? काका ऐकत होते. त्यांना त्याहून मोठी एक भीती होती, पण ती त्यांनी सांगितली नाही.

बायको ताटं वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "तेव्हा तुम्ही खोटं बोलला नव्हता, चुकला होता. आता गप्प बसलात तर मात्र ते खोटं होईल." आणि पुन्हा वाढायला लागली. मेहुण्यानं तोंड उघडलं होतं ते तिनं त्याच्या पानात भाजी वाढून बंद केलं.

ती न सांगितलेली भीती म्हणजे घड्याळवाला. दुसऱ्या दिवशी काका त्याला सांगून टाकायचं ठरवूनच रस्ता ओलांडून गेले. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एक जुनं घड्याळ उघडून बसला होता. दाढी बंदची पाटी लागल्यापासून त्यानं दुसरीकडे दाढी केली नव्हती, सगळं तोंड पांढऱ्या खुंटांनी भरलं होतं. काकांना बघून त्यानं भिंग काढलं. म्हणाला, मला कोर्टाची धास्ती होती रे, पण तू बोलणार आहेस म्हटल्यावर मला धीर आहे. एकदा त्या डावऱ्याला शिक्षा झाली की मला झोप लागेल. काकांनी मान हलवली, घड्याळांत किती वाजलेत ते उगाचच बघितलं आणि परत आले. मोठे धीट होते असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांचा धीर सुटला, हेच खरं.

साक्षीचा दिवस उजाडला. कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकं, भिंतींवर कळकट रंग, फायली छातीशी धरून धावणारी माणसं. एका टोकाच्या बाकावर डावऱ्या आणि त्याची आई. दुसऱ्या टोकाला घड्याळवाला आणि त्याचा भाऊ. मध्ये काका, बायको, थोरली. काकांना दोनदा बाहेर जाऊन यावं लागलं. तरीही त्यांनी सरकारी वकीलबाईंना गाठलं आणि अडखळत, घाम पुसत सगळं सांगितलं. बाई हातातली फाईल मिटून त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आज सुचतंय तुम्हाला हे, असं म्हणाल्या. मग कपाळावर आठ्या घालून, जरा नरम आवाजात म्हणाल्या, जे पाहिलंत तेच सांगा, आत मी विचारीन.

शिपायानं पुकारा केला. काका पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ कशीबशी पुरी झाली आणि पहिला प्रश्न आला, तशी त्यांची दातखीळ बसली. ओठ हलत होते, आवाज नाही. समोर चेहरेच चेहरे, सगळे खरे, एकही आरशातला नाही. पाणी दिलं तर निम्मं सदऱ्यावर सांडलं. कुणीतरी मागं हसलं. न्यायाधीश वयस्कर होते, ते म्हणाले, घाई नाही, वेळ घ्या.

काकांनी मान वर केली. मेहुण्याचा फेस त्यांना आठवला, पण फेस काही दिसेना. दिसले ते न्यायाधीशांचे कल्ले. एक कानाच्या पाळीपर्यंत आणि दुसरा बोटभर वर. कुणी केलंय हे? आणि या माणसानं तसंच उठून पैसे दिले? काकांना मनापासून कीव आली. मोठा माणूस, एवढं मोठं पद, आणि घरात कुणी सांगणारं नाही, की अहो, कल्ले लहानमोठे झालेत. भीती गेली असं नाही, पण ज्याची कीव येते त्याच्याशी बोलता येतं. काका बोलायला लागले.

दुकान, खुर्ची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरचा टॉवेल, गळ्यावरचा वस्तरा, सगळं क्रमानं सांगितलं. वकीलबाईंनी विचारलं, कोणता हात होता?

"जबाबात मी डावा सांगितला. तो उजवा होता. मी आरशात बघत होतो."

हशा पिकला. न्यायाधीशांनी टेबलावर बोट वाजवलं तेव्हा थांबला. आरोपीच्या वकिलाच्या चेहऱ्यावर तर सणाचा आनंद. पण सरकारी वकीलबाई कसून विचारणाऱ्या होत्या. तेव्हा तुमची खात्री होती, आजही खात्री आहे, मग कोर्टानं कोणत्या खात्रीवर विश्वास ठेवायचा, असं त्यांनी विचारलं.

काकांनी दोन्ही हात कठड्यावरून उचलून पुढं धरले. सगळ्यांना दिसेल असे ते थरथरत होते.

"बाई, त्या दिवशी हा हात अगदी स्थिर होता आणि मी चुकलो. आज बघा कसा हलतोय. पण आज मी मान वळवून बघून आलोय."

यावर कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी लिहायला सांगितलं, लेखनिकानं लिहून घेतलं, आणि काकांना खाली उतरायची परवानगी मिळाली. निकाल पुढं महिन्याभरानं लागला आणि डावऱ्या सुटला, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण काकांच्या लेखी खरी साक्ष त्या दिवशी अजून व्हायची होती.

ते बाहेर आले तर व्हरांड्यात घड्याळवाला उभा. आत बसून त्यानं सगळं ऐकलं होतं. काकांना वाटलं, आता हा शिव्या देईल, निदान मान फिरवून निघून जाईल. तो तसं काहीच करेना. त्याचा चेहरा एखाद्या हरवलेल्या माणसाचा झाला होता.

"मग मला मारलं कोणी?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही रे," काका म्हणाले. "खरंच माहीत नाही. तुला आधी सांगायला आलो होतो, जमलं नाही."

आठ महिने घड्याळवाल्यापाशी निदान एक नाव होतं, ज्याला रात्री शिव्या घालता येत होत्या. आज तेही उरलं नाही, आणि ते काढून नेणारा त्याचाच दोस्त. त्यानं डोक्यावरच्या टाक्यांच्या व्रणावरून हात फिरवला. मग भाऊ मागून हाक मारत असताना, भिंतीला धरत धरत, तो व्हरांड्याच्या त्या टोकाला निघाला. डावऱ्याच्या बाकापर्यंत गेला आणि त्याच्या आईला काहीतरी म्हणाला. काय ते इकडे ऐकू आलं नाही. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. घड्याळवाला तिच्या शेजारी बसला.

काका जागचे हलेनात. पिंजऱ्यात चढताना निदान शिपायानं पुकारा केला होता. इथं कोण पुकारणार? बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम थोरलीशी दुसरंच काहीतरी बोलायला लागली. मग काका एकटेच निघाले. बाकासमोर उभे राहिले. बत्तीस वर्षं ज्यानं गल्लीला बोलायला सवड दिली नव्हती, त्या माणसाला एक वाक्य सापडेना.

डावऱ्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि केस कुणीतरी घाईनं, वेडेवाकडे कापलेले होते.

"लहानपणापासून माझं डोकं तुमच्या हातात आहे, काका," तो म्हणाला. "आठ महिन्यांत एकदा तरी येऊन विचारायचं होतं, की बाबा रे, तू मारलंस का?"

काकांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. समोरासमोर, सरळ.

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलो."

त्यानं काही माफ केलं म्हटलं नाही. तेवढा मोठेपणा त्या दिवशी त्याच्याकडून कुणी मागूही नये. त्यानं फक्त खाली ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर थोडा सरकून बसला, एका माणसापुरती जागा होईल इतका.